येऊर, तानसा, माहुली: रानाच्या कडेला घर भाड्याने घेताना

ठाणेकराला बिबट्याचं अप्रूप राहिलेलं नाही. येऊरच्या पायथ्याच्या किंवा घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत तो दिसला की दिवसभर व्हिडिओ फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे कामाला लागतात. तरी हाच माणूस प्राणी बघायचे म्हटलं की ताडोबाचं नाव काढतो, आणि सुट्टी जुळत नाही म्हणून कुठेच जात नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याचा चांगला मोठा भाग ठाण्याच्या बाजूला, येऊरकडे उतरतो. 2018 च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि लगतच्या भागात 47 बिबटे नोंदले गेले. शहापूरकडचं तानसा अभयारण्य तर याच्या तिप्पट मोठं, आणि तिथे आसनगाव किंवा कसारा लोकलने जाता येतं.

पण जाणारे जातात ते ‘जंगल टच फार्महाऊस’ला. शनिवारी दुपारी तीनला पोचायचं, अंधार पडेपर्यंत पाण्यात डुंबायचं, रात्री दोनपर्यंत गाणी, सकाळी दहाला पोहे. परतताना गाडीत एकच वाक्य, ‘एवढं जंगल-जंगल म्हणतात, काही दिसलं नाही बुवा.’

दिसणार कसं? आपल्याकडच्या रानात हालचाल असते ती उजाडताना आणि मावळताना, दोन्ही मिळून जेमतेम चार तास. भाडं त्या चार तासांचं देतोय असं धरून घर निवडलं की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. घर किती साधं, किती देखणं, हे नंतर. ते चार तास तिथे राहून हाती लागतात की वाया जातात, ते आधी बघायचं.

आधी महिना ठरवा

काय बघायचंय यावर महिना ठरतो, आणि लोक नेमकं उलटं करतात. सुट्टी मिळाली की घर शोधतात आणि मेच्या रणरणत्या दुपारी फुलपाखरं विचारतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कमरेएवढं असतं, त्यामुळे जनावर चार हातांवर असलं तरी दिसत नाही. फुलपाखरं मात्र याच दिवसांत बघावीत. ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, येऊरच्या ओढ्यांकाठी सहज दिसतं. डिसेंबर ते फेब्रुवारी पाहुण्या पक्ष्यांचे दिवस. स्वर्गीय नर्तक, कस्तुर, वटवटे, माशीमार सगळे आलेले असतात आणि हवाही चालण्याजोगी असते. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी हेच महिने सुचवेन.

माझ्या लेखी खरी चैन मात्र फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत. पानगळ झालेली असते, सावर, पळस आणि पांगारा फुललेले असतात. एका फुललेल्या सावरीसमोर खुर्ची टाकून तासभर बसलं तर भोरड्या, हळदे, कोतवाल, पोपट, शिंजीर, खारी, शिवाय वरच्या फांदीवर एखादं वानर असा सगळा गोतावळा बसल्या जागी बघून होतो. चालायचीसुद्धा गरज नाही. म्हणून या महिन्यात घर ठरवताना एक प्रश्न हमखास विचारावा, ‘अंगणातून सावर किंवा पळस दिसतो का?’ मालकाला प्रश्न विचित्र वाटेल. वाटू दे.

एप्रिल-मे म्हणजे पाणवठ्याचा मोसम. पाणी आटत जातं तशी जनावरं उरलेल्या डबक्यांवर गोळा होतात. वनखातं बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजतं, ते याच कारणाने. त्या रात्री स्वयंसेवकांनाही घेतात, पण नावं आधी नोंदवावी लागतात आणि ती पटकन भरतात. जूनमध्ये काजवे, बेडूक, आणि कर्नाळ्यात तिबोटी खंड्या बघायला उसळणारी कॅमेऱ्यांची गर्दी. नवरंगही पावसाच्या तोंडावरच येतो, आणि दिसण्याआधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. जुलै-ऑगस्टला रान सुंदर दिसतं, पण प्राणी बघायला म्हणून जाऊ नये. कारवी या झुडपाचा हिशेब वेगळा, ती आठ वर्षांनी फुलते. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत 2016 ला फुलली, मग 2024 ला. आता 2032 ची वाट बघायची.

कुठली बाजू

येऊर सगळ्यात जवळ. ठाणे स्टेशनहून टीएमटीची, म्हणजे महापालिकेची बस जाते, उपवनहून वर चढलं की दहा मिनिटांत हवा बदलते. तरीही येऊरला रात्रीसाठी बंगला घेण्याच्या मी विरोधात आहे. एक तर भाडं चढं. शिवाय शनिवार-रविवारी टर्फच्या मैदानांचे दिवे आणि ढाब्यांची गाणी यांतून रातव्याचा, म्हणजे रात्री वावरणाऱ्या त्या पक्ष्याचा आवाज शोधायचा म्हणजे परीक्षाच. तिथल्या अनेक बांधकामांच्या परवानग्यांवरून वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. बरीच जमीन मूळ आदिवासींची, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार सरकारी मंजुरीशिवाय ती बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र 2016 मध्ये अधिसूचित झालंय. अशा ठिकाणी कुठला बंगला कायदेशीर आणि कुठला नाही, हे एका रात्रीच्या पाहुण्याने कसं शोधायचं? त्यापेक्षा ठाण्यात राहणाऱ्याने पहाटे साडेपाचला घरून निघावं, सहाला फाटकावर हजर व्हावं, वनखात्याचं तिकीट काढून पायवाटेने फिरावं आणि नऊला परत यावं. मुक्कामाचं भाडं वाचतं आणि सकाळ पुरी मिळते. मानपाडा आणि नागला बंदरच्या वाटांनाही हेच लागू.

येऊरला राहायचंच असेल तर सोमवार ते गुरुवारमधला दिवस धरा आणि पाटोणपाड्याच्या बाजूला, रस्त्यापासून आत असलेलं घर बघा. रात्री बाहेरच्या गाड्यांना फाटकावर अडवतात. घरमालकाकडून वेळ आणि नियम आधीच विचारून घ्या.

मुक्कामासाठी माझं मत तानसा-माहुलीला. आसनगाव, आटगाव ही स्टेशनं, पुढे रिक्षा किंवा जीप. माहुली किल्ल्याचा पायथा, तानसा तलावाच्या आसपासची गावं, आत सूर्यमाळकडे जाणारा रस्ता, या पट्ट्यात शेतघरं, कृषी पर्यटन केंद्रं आणि गावातल्याच कुणी बांधलेल्या दोन-तीन खोल्या मिळतात. रान सागाचं, मधे ऐन, खैर, मोह, कळंब. बिबट्या आहे, भेकर आहे, तरस आहे, रानडुकरं तर हवी त्यापेक्षा जास्त. आणि पक्षीवाल्यांसाठी सगळ्यांत मोठं आकर्षण फॉरेस्ट आउलेट, म्हणजे वनपिंगळा. हा पक्षी नामशेष झाला असंच जग धरून चाललं होतं. 1884 नंतर शंभरावर वर्षांनी, 1997 मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ सापडला, आणि 2014 मध्ये तानशात दिसला. तो दिवसाही वावरतो, त्यामुळे बघायला रात्र जागवावी लागत नाही. पण त्याची जागा कुणी दाखवलीच तर ती स्वतःपाशी ठेवा. लोकेशनसकट फोटो ग्रुपवर टाकला की पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या उभ्या राहतात.

नवी मुंबईकरांनी पनवेलपलीकडे कर्नाळ्याच्या आसपास बघावं. कर्नाळा अभयारण्य 1968 चं, आकाराने लहान, पण पक्ष्यांसाठी भरगच्च. गेटवर प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात, ती परत येताना मिळते. फक्त घर हायवेपासून आत हवं, नाहीतर रात्रभर गोव्याच्या गाड्या ऐकत पडाल. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला घर भाड्याने घेण्याची गरजच नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून बोटीचं तिकीट काढलं की झालं.

फोनवर निम्मं काम

जाहिरातीतले फोटो विसरा. संध्याकाळी सातच्या सुमारास फोन लावा, आणि शक्यतो मालकाशी न बोलता तिथे राहणाऱ्या केअरटेकरशी बोला. मालक बहुधा डोंबिवलीत किंवा मुलुंडला बसलेला असतो. रानातली रोजची खबर त्याच्याकडे नसते, ती या केअरटेकर काकांकडे असते.

पहिला प्रश्न मी नेहमी उलटा टाकतो.

“काका, रात्री डीजे लावला तर चालेल ना?”

“लावा की साहेब, रात्रभर लावा. इथं कोण ऐकायला बसलंय!”

आभार मानून फोन ठेवायचा. आपण लावणार नाही हो, पण शेजारच्या प्लॉटवरचा ग्रुप लावणार. ‘नाही साहेब, गाव आहे, दहानंतर चालत नाही’ असं उत्तर आलं तर पुढे बोलायचं.

दुसरा प्रश्न चहाचा. पहाटे साडेपाचला कोरा चहा मिळेल का? बऱ्याच ठिकाणी ‘किचन आठला चालू होतं’ असं ऐकू येतं. मग एक तर स्वतःची इलेक्ट्रिक किटली न्यायची, नाहीतर दुसरं घर बघायचं. जेवणाचंही तसंच. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात ‘स्टार्टर’ आणून ठेवतात, आणि नेमका तोच वेळ बाहेर बसायचा. जेवण साडेआठला हवं, त्याआधी काही नको, हे आधीच सांगून ठेवलं की त्यांनाही सोपं जातं.

मग दिवे. अंगणात हॅलोजन आहे का, आणि तो बंद करता येतो का? हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण रात्रीचं सगळं यावर अवलंबून असतं. हॅलोजनच्या उजेडात किडे भरपूर येतात, पण त्यापलीकडचं काहीही दिसत नाही आणि जनावर दुरूनच वाट बदलतं. बंद करता येत नाही म्हणाले तर कारण विचारा. बिबट्याची ये-जा असल्याने लावत असतील तर त्यांचं बरोबर आहे, त्यावर हुज्जत घालू नका. अशा वेळी मागच्या बाजूची खोली मागा.

संडास घरातच हवा, यावर तडजोड नको. अंगणापलीकडचा संडास फोटोत गावरान आणि छान दिसतो, पण रात्री दोनला मुलाला तिथे न्यायचं म्हणजे बिबट्याच्या इलाक्यात अंधारात चालणं. बिबट्या उभ्या मोठ्या माणसापासून सहसा लांब राहतो. वाकलेलं किंवा उकिडवं बसलेलं माणूस आणि लहान मूल यांच्या बाबतीत त्याचा अंदाज चुकू शकतो.

‘पेट फ्रेंडली’ अशी पाटी असली तरी कुत्रा नेऊ नका. आपल्याकडच्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, आणि फ्लॅटमध्ये वाढलेल्या लॅब्रॅडॉरला त्याचा पत्ता नसतो.

शेवटी पाण्याचं विचारा, विशेषतः मार्चनंतर. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आणि त्यांचं पाणी मुंबईला, पण उन्हाळ्यात तालुक्यातले कित्येक पाडे टँकरवर. त्याच तालुक्यात मे महिन्यात काठोकाठ भरलेल्या स्विमिंग पूलचं घर मी तरी घेत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

कुडाचं घर म्हणजे नक्की काय

‘रस्टिक कॉटेज’ या नावाखाली दोन गोष्टी विकतात. एक म्हणजे सिमेंटच्या खोलीला लाकडाच्या रंगाचा पत्रा ठोकलेला. ती दुपारी भट्टीसारखी तापते. दुसरं म्हणजे खरं कुडाचं घर. कारवीच्या काठ्या उभ्या लावून बांधायच्या, दोन्ही बाजूंनी माती-शेणाने लिंपायच्या, वर मंगलोरी कौलं, खाली सारवलेली जमीन. उन्हाळ्यात ते आतून गार राहतं. दोन्हींतला फरक फोटोवरून ओळखायचा असेल तर कोपरे बघा. कुडाच्या भिंतीचा कोपरा कधीच काटकोनात नसतो, आणि लिंपणावर बोटांचे फराटे दिसतात.

खऱ्या कुडाच्या घरात पोचल्यावर आधी भिंत आणि कौलं यांच्यामधली फट बघायची. ती असतेच, हवेसाठी. तिथे जाळी मारलेली आहे का ते बघा. नसेल तर रात्री उंदीर येणार, आणि उंदरामागे साप. आपल्या भागात मण्यारचं नाव यासाठीच निघतं. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा इतका हलका असतो की झोपलेल्याला कळत नाही. म्हणून कितीही मजा वाटली तरी सारवलेल्या जमिनीवर सतरंजी टाकून झोपायचं नाही. खाट मागायची, ती भिंतीपासून हातभर लांब ओढायची, मच्छरदाणी लावून तिची कड गादीखाली नीट खोचायची. मच्छरदाणी डासांसाठी आहेच, पण खोचलेली मच्छरदाणी सापालाही अडवते. चादर झटकून मगच अंगावर. सकाळी बूट उलटे करून आपटायचे, विंचवाला तशी जागा आवडते.

दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नको. माणसाला आडवं ठेवायचं, हातापायाची हालचाल थांबवायची, 108 ला फोन करायचा आणि सर्पदंशावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. माहुली-तानसा भागात असाल तर शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय. रस्ता आणि गाडी कुणाची, हे पोचल्यावर पहिल्या तासात काकांना विचारून ठेवा.

कागद आणि पैसे

एक-दोन रात्रींसाठी फार खोलात जायची गरज नाही. कृषी पर्यटन केंद्र असेल तर 2020 च्या धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी असते, प्रमाणपत्राचा फोटो मागा. फोटो खोटे आहेत का हे गुगल लेन्सवर टाकून बघता येतं, आणि व्हिडिओ कॉलवर ‘जरा अंगण दाखवता का काका’ म्हटलं की उरलेली शंका फिटते. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. रद्द केलं तर किती परत, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. मधल्या वारी भाडं घासाघीस करून बरंच खाली येतं, शनिवारी येत नाही.

दोघा-तिघांनी मिळून वर्षभरासाठी घर घ्यायचं ठरवलं तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवावाच लागतो, आणि सात-बारा महाभूलेखवर बघूनच सही करावी.

वनखात्याची विश्रामगृहंही असतात. साधी, कधी गळकी, पण जागा अशी की खाजगी मालकाला मिळणं अशक्य. विभागीय वन कार्यालयात चौकशी करा. सरकारी दौरा आला की आपलं आरक्षण मागे पडू शकतं, हे धरून चाला.

सोबत काय

दुर्बीण 8×42 ची. 10×42 मध्ये जास्त मोठं दिसतं, पण हात हलतो आणि मुलांना धरता येत नाही. टॉर्च दोन, एकावर लाल जिलेटिन पेपर रबराने बांधायचा. कपडे मातकट, पूर्ण बाह्यांचे. पावसाळा संपल्यावर गोचिडी असतात, तेव्हा पँट मोज्यात खोचायची, दिसायला कसंही दिसू दे. मोबाइलवर मर्लिन (आवाजावरून पक्षी ओळखणारं अॅप) आणि ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदींचं अॅप) घालून ठेवा. तिथे नेटवर्क नसेल म्हणून भारतातल्या पक्ष्यांचा पॅक घरीच डाउनलोड करा. जाण्याआधी ईबर्डवर जवळचा हॉटस्पॉट उघडून गेल्या दोन आठवड्यांच्या नोंदी वाचल्या की कुठले पक्षी आलेत ते कळतं.

मर्लिनने आवाज ओळखायचा, पण पक्ष्याला बोलवायला त्याचाच आवाज स्पीकरवर वाजवायचा नाही. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर घुसला, आणि तो घरटं सोडून भांडायला येतो. आपला फोटो होतो, त्याचा अर्धा दिवस जातो.

निघायचं दुपारी एकच्या आत. नाशिक हायवेचा माजिवडा ते वडपे हा पट्टा कधी किती वेळ खाईल याचा नेम नाही, आणि संध्याकाळचा पहिला तास पडघ्याच्या टोलच्या रांगेत घालवायला आपण भाडं भरलेलं नसतं. लोकलने गेलात तर ही कटकटच नाही. दिवस मावळल्यावर आतल्या रस्त्यावर गाडी तिशीच्या वर नेऊ नका. रातवे रस्त्यावरच बसतात. हेडलाइटमध्ये त्यांचे डोळे तांबूस चमकतात, आणि ते अगदी शेवटच्या क्षणी उडतात.

पहिली संध्याकाळ

पोचल्यावर फिरायला जाऊ नका. पडवीत बसा. सगळ्यांनी, फोन सायलेंटवर टाकून, एका जागी. पाचच्या सुमाराला सातभाईंचा कलकलाट येईल, अंगणात उड्या मारत, एकामागून एक. साडेपाचला तांबटाचं टुक-टुक थांबत येतं. सहाला मोर ओरडतात, रानकोंबडा आरवतो, पोपटांचे थवे घराकडे निघतात. मग एक दहा-पंधरा मिनिटांचा विचित्र रिकामा वेळ असतो. दिवसाचे थांबलेत आणि रात्रीचे सुरू व्हायचेत. मुलं याच वेळी कंटाळतात आणि मोठी माणसं आत जाऊन दिवा लावतात. तेवढं थांबायचं. रातव्याचं चक-चक-चक सुरू झालं की समजायचं पाळी बदलली. हळूहळू डोळे अंधाराला सरावतात, आणि अंगणाच्या कडेने जाणारं मुंगूस, उदमांजर, क्वचित ससा दिसायला लागतो.

कान मात्र लांब ठेवा. भेकराचं भुंकणं एकदम, मोठं आणि थांबून थांबून येतं, नवख्याला गावातलं कुत्रं वाटतं. कुत्रं उगाच भुंकतं, भेकर सहसा कारणाशिवाय नाही. वानरांचं ‘खॉक-खॉक’ त्याच दिशेने आलं तर बिबट्या चालतोय असं समजायला हरकत नाही. बिबट्याचा स्वतःचा आवाज ऐकायला मिळाला तर नशीब. लाकडावर करवत पुढे-मागे ओढावी तसा खरखरीत, चार-पाच वेळा. ऐकू आला तर जागचं उठायचं नाही, टॉर्च मारायचा नाही. दिसलाच तर उभं राहायचं, मुलांना जवळ घ्यायचं, पाठ न फिरवता हळूच घरात यायचं. धावायचं नाही, व्हिडिओसाठी पुढे जायचं नाही. जखमी किंवा अडकलेलं कुठलंही जनावर दिसलं तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक चोवीस तास चालतो.

शेकोटीचा आग्रह होतो. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ धरतात. सागाची वाळलेली पानं वाऱ्याने किती लांब जातात हे एकदा बघितलं की बार्बेक्यूची हौस जाते. डिसेंबरमध्ये, मोकळ्या सारवलेल्या अंगणात, बादलीभर पाणी शेजारी ठेवून पेटवली तर ठीक. तीही साडेसातनंतर.

पहाट आणि वाटाड्या

रात्री जंगलात शिरायचं नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय जाणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे, आणि ‘आमचा पोरगा नेईल, कुणी विचारत नाही’ म्हणणाऱ्या मालकाचं घर पुन्हा घ्यायचं नाही. पहाटे, तिकीट काढून, पाड्यावरच्या कुणाला तरी बरोबर घेऊन जायचं. ठाकूर, कातकरी, वारली अशा आदिवासी घरांतल्या मुलांना पायवाटेवरची विष्ठा बघून कोण गेलं, कधी गेलं, काय खाऊन गेलं हे सांगता येतं. बिबट्याच्या विष्ठेत केस असतात, रानमांजराचीही तशीच पण बारीक. पैसे ठरवून, त्याच्याच हातात द्या, मालकामार्फत नको. मधे किती राहतात ते आपल्याला कळत नाही.

त्याला एकच सांगायचं, ‘दादा, बिबट्या दाखवू नकोस, रोज जे दिसतं ते दाखव.’ दडपण गेलं की तो खुलतो. मग तांबड्या मुंग्यांनी पानं शिवून केलेलं घरटं, सुतारपक्ष्याचं भोक, मोहाखाली रात्री कोण येऊन गेलं त्याच्या खुणा, झाडावर बिबट्याने नखं ओढली ती साल, असं एकेक निघतं. पावसाच्या तोंडावर गेलात तर शेवळं ही रानभाजीही दाखवेल. काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, घालून शिजवलेली शेवळं काकूंकडे मागून खा, ठाणे स्टेशनबाहेर मिळतात त्यांपेक्षा ताजी असतात.

साडेनऊनंतर ऊन चढलं की परत या. मग झोपा, जेवा, पत्ते कुटा. रान पुन्हा साडेचारला सुरू होतं, आणि म्हणूनच एक रात्र राहायचं तर चेक-आउट संध्याकाळचं मागा. सकाळी अकराला खोली सोडायला लावणारे दुसरी संध्याकाळ खिशातून काढून घेतात. मधल्या वारी पुढचं बुकिंग नसेल तर काका सहसा हो म्हणतात.

निघताना

कचरा तिथे टाकू नका, पुरूही नका. गावात कचऱ्याची गाडी येत नाही. मागच्या खड्ड्यात पडलेल्या हाडांवर कुत्री येतात, कुत्र्यांवर बिबट्या येतो, आणि मग गावात पिंजरा लावायची मागणी होते. प्लास्टिक गाडीत घालून ठाण्याला आणा, ओला कचरा काकांना विचारून खतात टाका. माकडांना चपात्या घालायच्या नाहीत, मुलं कितीही हट्ट करोत. पुढच्या पाहुण्यांच्या हातातून ती हिसकायला शिकतात.

पक्ष्यांची यादी ईबर्डवर चढवा, वनपिंगळ्याची जागा सोडून. काकूंना जेवणाचे पैसे वेगळे द्या. घरी पोचल्यावर कपडे पिशवीतून थेट वॉशिंग मशीनमध्ये, आणि मुलांच्या कानांमागे, काखेत, गुडघ्यांमागे गोचीड बघा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढायची, रॉकेल किंवा काडी लावायची नाही. आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात जाऊन आल्याचं आपणहून सांगा.